नव्या घरातले नळाचे पाणी : चव बिघडली असेल तर काय तपासावे आणि कोणत्या क्रमाने

पुण्यात किंवा पिंपरी-चिंचवडमध्ये नव्याने राहायला आलेल्या कुटुंबाला पहिल्या काही दिवसांतच पाण्यातला फरक जाणवू लागतो. पेठेतल्या नातेवाइकांकडे पाणी गोड लागते आणि वाघोलीच्या किंवा हिंजवडीच्या बाजूच्या नव्या इमारतीत तेच मचूळ लागते. चहावर पातळ तवंग धरतो, डाळ शिजायला वेळ लागतो, साबणाला फेस येत नाही आणि बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो. अशा वेळी बहुतेक जण थेट दुकान गाठतात आणि विक्रेता सांगेल ते यंत्र घेऊन येतात. हा क्रम उलटा आहे. पाणी कोठून येते हे आधी कळले पाहिजे, मग ते वाटेत कोठे बिघडते हे शोधले पाहिजे, त्यानंतर नेमकी तपासणी करून घेतली पाहिजे आणि यंत्राचा विचार सर्वांत शेवटी केला पाहिजे. पुष्कळदा पाणी कोठे बिघडते हे शोधतानाच (खालची पायरी ३) दुखणे सापडते आणि यंत्राचे पैसे वाचतात.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. पाण्याची चव आणि पाण्याची सुरक्षितता या दोन वेगळ्या बाबी आहेत. क्लोरीनचा उग्र वास येणारे पाणी पिण्यास सहसा सुरक्षित असते आणि काचेसारखे नितळ, चवीला उत्तम असे विहिरीचे पाणी जंतूंनी दूषित असू शकते. त्यामुळे जीभ आणि नाक यांच्याकडून दोष कोणत्या दिशेला आहे एवढेच समजून घ्यावे. पाणी पिण्यायोग्य आहे की नाही, हा निर्णय त्यांच्यावर सोडू नये.

पायरी १ : पाणी कोठून येते ते विचारा

पुणे शहराचे बहुतांश पाणी खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांच्या साखळीतून येते. पूर्वेकडच्या भागाला भामा-आसखेड धरणाचे पाणी मिळते. पिंपरी-चिंचवडची मुख्य भिस्त पवना धरणावर असून ते पाणी रावेतजवळ नदीतून उचलले जाते. ही सारी धरणे सह्याद्रीच्या पावसावर भरतात. डोंगरउतारावरून वेगाने वाहून आलेल्या पाण्याचा खडकाशी फार काळ संबंध येत नाही, म्हणून त्यात विरघळलेले क्षार कमी असतात आणि ते चवीला हलके लागते. जलशुद्धीकरण केंद्रात या पाण्याला तुरटी किंवा तत्सम रसायन देऊन गाळ खाली बसवतात, वाळूच्या थरांतून ते गाळतात आणि शेवटी क्लोरीन मिसळून वितरणाला सोडतात.

बोअरच्या पाण्याची गोष्ट निराळी आहे. आपल्याकडच्या काळ्या कातळाच्या भेगांतून आणि मुरमाच्या थरांतून पाणी अतिशय सावकाश झिरपते आणि वाटेत कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विरघळवून घेते. त्यामुळे ते जड होते. टँकरचे पाणी मात्र कशाचेही असू शकते: महापालिकेच्या भरणा केंद्रावरचे, खासगी विहिरीचे, किंवा शहराबाहेरच्या बोअरचे. टँकरवर ‘पिण्याचे पाणी’ असे रंगवलेले असणे हा ते पिण्यायोग्य असल्याचा पुरावा नव्हे.

सोसायटीच्या सचिवांना किंवा व्यवस्थापकांना पुढील प्रश्न विचारावेत आणि शक्य झाल्यास उत्तरे लिहून घ्यावीत. महापालिकेची जोडणी आहे का, आणि असल्यास रोज किती वेळ पाणी येते? बोअर किती आहेत आणि त्यांचे पाणी कोणत्या टाकीत सोडले जाते? टँकर कोणत्या महिन्यांत घ्यावे लागतात आणि ते कोठून भरून येतात? पिण्याच्या आणि वापराच्या पाण्याच्या नळवाहिन्या वेगळ्या आहेत की एकच आहे? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. अनेक इमारतींमध्ये महापालिकेचे, बोअरचे आणि टँकरचे पाणी जमिनीखालच्या एकाच टाकीत एकत्र होते, आणि मार्च ते जून या काळात बोअर व टँकर यांचा वाटा वाढला की त्याच नळाची चव बदलते. हिवाळ्यात घर पाहायला आलेल्या माणसाला उन्हाळ्यातल्या पाण्याची कल्पना येत नाही, ती यामुळेच. घर भाड्याने घ्यायचे असो वा विकत, शेजाऱ्यांना उन्हाळ्यातल्या पाण्याबद्दल जरूर विचारावे.

राज्याच्या इतर भागांतून आलेल्यांना किंवा तिकडे जाणाऱ्यांना हेच गणित थोडे बदलून मांडावे लागेल. मुंबईला तुळशी, विहार, तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा या सात जलाशयांचे पाणी मिळते आणि ते क्षारांच्या दृष्टीने हलके असते. तिथला त्रास बहुधा जुन्या वाहिन्या आणि टाक्या यांचा असतो. कोकणात आणि शेजारच्या गोव्यात जांभ्या दगडातल्या विहिरींच्या पाण्यात लोह आढळते आणि खाडीलगत खारेपणा येतो. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतल्या पूर्णा खोऱ्यातला खारपाणपट्टा तर प्रसिद्धच आहे. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या काही गावांत भूजलातल्या फ्लोराइडचे प्रमाण धोक्याच्या पातळीवर असते. फ्लोराइडला ना चव असते ना वास, त्यामुळे अशा भागात बोअरचे पाणी प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय पिण्यासाठी वापरू नये.

पायरी २ : चव आणि वास नीट ओळखा

स्वच्छ धुतलेला, साबणाचा अंशही न राहिलेला काचेचा पेला घ्यावा, त्यात पाणी भरून ते खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे आणि स्वयंपाकघराबाहेर जाऊन त्याचा वास घ्यावा. बाहेर जाण्याचे कारण साधे आहे: पुष्कळदा वास पाण्याला नसून सिंकच्या सांडपाण्याच्या नळीला असतो, आणि नळ सोडला की तो वर येतो. दुसऱ्या खोलीत पाण्याला वास येत नसेल तर पाणी निर्दोष असून नळीच्या जाळीची सफाई करायची आहे, असे समजावे.

क्लोरीनचा, म्हणजे पोहण्याच्या तलावासारखा, वास येत असेल तर घाबरण्याचे कारण नाही. शुद्धीकरण केंद्रापासून नळापर्यंतच्या प्रवासात जंतू वाढू नयेत म्हणून थोडा क्लोरीन पाण्यात मुद्दाम ठेवलेला असतो. भारतीय मानकानुसार ग्राहकाच्या नळाशी प्रति लिटर किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा लागतो. पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि साथीच्या काळात ही मात्रा वाढवली जाते, म्हणून जून-जुलैत वास अधिक येतो. पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात पातळ कापड झाकून काही तास ठेवले की वास बराच उतरतो.

मातीचा, ओलसर, कुबट वास येत असेल आणि तो उन्हाळ्याच्या अखेरीस किंवा ऑक्टोबरच्या उन्हात वाढत असेल, तर त्याचे मूळ धरणात असण्याची शक्यता मोठी आहे. जलाशयातले काही प्रकारचे शेवाळ आणि जीवाणू ‘जिओस्मिन’ नावाचे द्रव्य तयार करतात. पहिल्या पावसानंतर मातीला येणारा गंधही याच द्रव्याचा असतो, आणि माणसाचे नाक त्याच्या बाबतीत इतके तीक्ष्ण आहे की एका लिटरमागे काही नॅनोग्रॅम एवढा अंशही त्याला जाणवतो. या वासाचा स्वतःचा असा आरोग्याला अपाय नसतो, परंतु तो उकळूनही सहजी जात नाही. सक्रिय कोळशाची, म्हणजे कार्बनची, गाळणी त्यावर उपयोगी पडते. सोलापूरकरांना उजनी धरणाच्या पाण्यामुळे या विषयाची वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही.

मचूळ चव, चहावरचा तवंग आणि भांड्यावरचा पांढरा थर ही जडपणाची लक्षणे आहेत. त्यातून शरीराला फारसा अपाय होत नाही, पण गिझरची कांडी, वॉशिंग मशिन आणि केस यांची दुर्दशा होते. डाळ न शिजण्याचे कारणही हेच: पाण्यातले कॅल्शियम डाळीतल्या पेक्टिन नावाच्या द्रव्याला घट्ट करते. खारट चव क्लोराइडची असते; ती बोअरच्या पाण्यात एकाएकी वाढली तर सांडपाणी मिसळत असल्याचीही शंका घ्यावी, कारण सांडपाण्यातही क्लोराइड भरपूर असते. तुरट, लोखंडाला जीभ लावल्यासारखी चव आणि कपड्यांवर पडणारे तांबूस डाग ही लोहाची खूण आहे.

सडक्या अंड्यासारखा वास हायड्रोजन सल्फाइड वायूचा असतो. तो फक्त गरम पाण्याला येत असेल तर दोष गिझरमध्ये आहे. गिझरच्या टाकीला गंज लागू नये म्हणून आत मॅग्नेशियमची कांडी बसवलेली असते. पाणी बरेच दिवस वापरात नसले की तिथे वाढणारे जीवाणू आणि ही कांडी मिळून हा वायू तयार होतो. गिझर पूर्ण रिकामा करून तंत्रज्ञाकडून साफ करून घेतला की वास जातो. थंड पाण्यालाही तोच वास असेल तर बोअर किंवा जमिनीखालची टाकी तपासावी.

पाणी दुधासारखे पांढरे दिसत असेल तर पेला दोन-तीन मिनिटे स्थिर ठेवावा. पांढरेपणा तळापासून वर निवळत गेला तर ती फक्त हवा आहे. वाहिनीत पाणी दाबाने आले की हवा त्यात मिसळते. तळाशी गाळ बसला तर मात्र ती हवा नव्हे.

आणि शौचालयासारखा, गटारासारखा वास आला, किंवा पाणी एकाएकी करडे-काळपट झाले, तर पुढची कोणतीही पायरी न पाहता त्या नळाचे पाणी पिणे, दात घासणे आणि भाज्या धुणे तत्काळ थांबवावे, इमारतीतल्या सर्वांना कळवावे आणि महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागाकडे तक्रार नोंदवावी. दिवसातून काही तासच पाणी येणाऱ्या शहरांत हा धोका नेहमीचा आहे. वाहिनी रिकामी असताना तिच्यातला दाब नाहीसा होतो आणि शेजारून गळणाऱ्या मलवाहिनीचे पाणी सांध्यांतून आत ओढले जाते. काही जण महापालिकेच्या वाहिनीला थेट पंप लावून पाणी खेचतात. ते बेकायदा तर आहेच, शिवाय त्यामुळे साऱ्या गल्लीच्या वाहिनीत घाण शोषली जाते. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, किरकटवाडी आणि पुण्यालगतच्या नांदेड गावाच्या परिसरात जीबीएसचे (गिलेन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढले, काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जीवाणू आढळले आणि त्या भागातल्या पाण्याच्या स्रोतांची तपासणी करावी लागली, हे पुणेकरांच्या अजून स्मरणात आहे.

पायरी ३ : पाणी नेमके कोठे बिघडते ते शोधा

हे काम एका सकाळी, खर्च न करता करता येते, आणि माझ्या मते संपूर्ण प्रक्रियेतली हीच सर्वांत उपयोगी पायरी आहे. चार स्वच्छ बाटल्या घ्याव्यात. पहिलीत महापालिकेचे पाणी येण्याच्या वेळी, टाकीत पडण्यापूर्वीचे पाणी भरावे. मीटरजवळ किंवा टाकीच्या फ्लोट व्हॉल्व्हपाशी ते मिळते. दुसरीत गच्चीवरच्या टाकीचे पाणी घ्यावे. तिसरीत स्वयंपाकघरातल्या नळाचे, रात्रभर साठून राहिलेले पहाटेचे पहिले पाणी आणि चौथीत त्याच नळाचे, दोन-तीन मिनिटे वाहू दिल्यानंतरचे पाणी भरावे. वाहू दिलेले पाणी बादलीत धरून फरशीला वापरावे. बाटल्यांवर चिकटपट्टी लावून नावे लिहावीत आणि घरातल्या दोघा-तिघांना ती न दाखवता वास आणि रंग पाहायला सांगावे. ज्या बाटलीबद्दल शंका असेल ती चाखू नये.

पहिल्या बाटलीतच दोष असेल तर तो महापालिकेच्या वाहिनीतला किंवा धरणातला आहे आणि त्याची तक्रार तिकडेच करायची आहे. पहिली बाटली निर्दोष असून दुसरीत वास आला तर टाक्या पाहाव्यात. फक्त तिसरीत धातूची चव आणि पिवळसर रंग असेल व चौथीत तो नसेल तर घरातल्या जुन्या जस्तलेपित लोखंडी नळ्या गंजल्या आहेत. त्या बदलेपर्यंत सकाळचे पहिले पाणी पिण्यास न घेणे एवढा उपायही पुरतो. नवीन इमारतीत प्लॅस्टिकचा किंवा रंगासारखा वास असेल तर तो बहुधा नळ्या जोडण्याच्या सोल्युशनचा किंवा नव्या टाकीचा असतो. काही आठवडे पाणी खेळते राहिले की तो जातो. नळाच्या तोंडाची जाळी मात्र याच दिवशी काढून धुवावी. त्यात वाळू, गंजाचे कपचे आणि रबरी वायसरचे काळे कण अडकलेले असतात आणि पाणी काळे येते अशी तक्रार बऱ्याचदा तिथेच संपते.

पायरी ४ : टाकी

इमारतीतले पाणी बिघडण्याचे सर्वांत मोठे ठिकाण म्हणजे टाकी, आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. गच्चीवर जाऊन झाकण नीट बसते का, त्यातून प्रकाश आत जातो का, हवेच्या आणि ओसंडून वाहणाऱ्या नळीला बारीक जाळी आहे का, हे पाहावे. प्रकाश आत गेला की शेवाळ येते आणि जाळी नसली की डास येतात. जमिनीखालच्या टाकीच्या बाबतीत तिचे तोंड भोवतालच्या जमिनीपेक्षा उंच आहे का आणि सांडपाण्याचे चेंबर तिच्यापासून किती दूर आहे, हे दोन प्रश्न निर्णायक आहेत. पार्किंगच्या फरशीच्या पातळीत असलेल्या झाकणातून गाडी धुतलेले पाणी टाकीत जाते, हे दृश्य दुर्मीळ नाही.

टाकी वर्षातून किमान दोनदा, एकदा पावसाळ्याच्या आधी आणि एकदा नंतर, धुवावी. आधी ती रिकामी करून गाळ काढावा, भिंती ब्रशने घासाव्यात आणि ते पाणी बाहेर काढून टाकावे. मग टाकी पुन्हा भरून प्रत्येक १,००० लिटरला साधारण १५० ते २०० ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर द्यावी. पावडर थेट न टाकता बादलीत पाण्यात कालवून, चोथा खाली बसू देऊन, वरचे निवळ टाकीत ओतावे. हे तीव्र पाणी काही तास, शक्यतो रात्रभर, तसेच ठेवावे, घरातले नळ एकेकदा उघडून ते नळ्यांतही खेळवावे आणि नंतर सर्व काढून टाकून टाकी स्वच्छ पाण्याने धुवावी. या काळात ते पाणी कोणीही पिऊ नये, अशी सूचना प्रत्येक मजल्यावर लावावी. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो आणि पाकीट उघडे राहिले की तो झपाट्याने उडून जातो, म्हणून मागच्या वर्षीची उघडी पिशवी वापरणे म्हणजे निव्वळ चुना टाकणे होय.

सुरक्षिततेबाबत मात्र तडजोड नको. जमिनीखालच्या टाकीत माणूस एकटा उतरवू नये, पंपाचा वीजपुरवठा आधी बंद करावा, झाकणे बराच वेळ उघडी ठेवून हवा खेळू द्यावी आणि बाहेर एक माणूस सतत उभा असावा. बंद टाकीत प्राणवायू कमी पडून माणसे दगावल्याच्या बातम्या दरवर्षी वाचायला मिळतात.

पायरी ५ : मोजमाप

टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण घटक, दाखवणारा मीटर आता पेनाच्या आकारात, काही शे रुपयांत मिळतो आणि जवळ असलेला बरा. परंतु तो काय मोजतो हे समजून घ्यावे. तो पाण्यातून वीज किती सहज वाहते हे मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज सांगतो. जंतू, कीटकनाशके, फ्लोराइड किंवा आर्सेनिक यांच्याविषयी त्याला काहीही कळत नाही. गटाराचे पाणी मिसळलेला पेला ३०० आकडा दाखवू शकतो आणि निर्मळ बोअरचा पेला ९००. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १०५०० या २०१२ च्या मानकानुसार एकूण विरघळलेल्या घटकांची स्वीकार्य मर्यादा प्रति लिटर ५०० मिलिग्रॅम असून, दुसरा स्रोत उपलब्ध नसल्यास २,००० पर्यंत मुभा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूत्रांनुसार ६०० च्या आतले पाणी चवीला साधारणतः चांगले लागते आणि १,००० च्या पुढे ते नकोसे होत जाते. उलट दिशेने, क्षार जवळजवळ नसलेले पाणीही सपक लागते. धरणाच्या पाण्याची सवय असलेल्या पुणेकराला ६०० चे पाणी जड वाटेल आणि मराठवाड्यातल्या बोअरवर वाढलेल्या माणसाला तेच गोड लागेल. यात सवयीचा भाग मोठा आहे.

याच ठिकाणी विक्रेत्यांच्या एका प्रयोगाचा उल्लेख करणे भाग आहे. दोन पेले ठेवले जातात, एकात नळाचे आणि दुसऱ्यात आरओचे, म्हणजे दाबाने बारीक पडद्यातून गाळून क्षार काढणाऱ्या यंत्राचे, पाणी. त्यांत विजेच्या दोन-दोन कांड्या बुडवल्या जातात आणि नळाचे पाणी बघता बघता तपकिरी, काळपट होते. गृहस्थ हबकतो आणि पावती फाडली जाते. प्रत्यक्षात तो रंग पाण्यातल्या घाणीचा नसून कांडीच्या लोखंडाचा असतो. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते, लोखंड विरघळते आणि त्याचा गंज दिसतो. आरओच्या पाण्यात क्षार नसल्यामुळे वीज वाहतच नाही. आरओच्या पेल्यात चिमूटभर मीठ टाकून प्रयोग पुन्हा करायला सांगावे. तेही पाणी काळे होते.

घरच्या घरी करण्यासारख्या आणखी दोन तपासण्या आहेत. शिल्लक क्लोरीन पाहण्यासाठी थेंब किंवा गोळी टाकून रंग तक्त्याशी जुळवण्याची छोटी पेटी मिळते. नळाच्या पाण्यात ०.२ सापडला तर वाटेत काही मिसळले नसण्याची शक्यता बरीच वाढते, आणि नेहमी क्लोरीन येणाऱ्या नळात तो एकाएकी शून्य झाला तर सावध व्हावे. दुसरी म्हणजे ग्रामपंचायतींमध्ये वापरली जाणारी एच-टू-एस बाटली. तिच्यात खुणेपर्यंत पाणी भरून ती उबदार जागी ठेवावी. २४ ते ४८ तासांत पाणी काळे पडले तर मलजन्य जंतूंची शक्यता आहे आणि पाणी प्रयोगशाळेत पाठवले पाहिजे.

बोअरचे पाणी पिण्यात येत असेल तर प्रयोगशाळेतली तपासणी टाळू नये. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळा, सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्रयोगशाळा आणि एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या खासगी प्रयोगशाळा हे काम करतात. महागडे पन्नास-साठ घटकांचे पॅकेज घेण्याऐवजी पीएच, गढूळपणा, टीडीएस, कठीणपणा (म्हणजेच जडपणा), क्लोराइड, लोह, नायट्रेट, फ्लोराइड आणि कोलिफॉर्म जीवाणू एवढेच आधी मागावे. अहवाल हाती आल्यावर पीएच ६.५ ते ८.५ च्या दरम्यान, कठीणपणा २०० च्या आत (मुभा ६०० पर्यंत), क्लोराइड २५० च्या आत, फ्लोराइड १ च्या आत (कमाल १.५), नायट्रेट ४५ च्या आत (पीएच सोडून हे सारे आकडे प्रति लिटर मिलिग्रॅमचे) आणि १०० मिलिलिटरमध्ये कोलिफॉर्म शून्य, असे पडताळून पाहावे. नायट्रेट आणि कोलिफॉर्मच्या बाबतीत कोणतीही मुभा नाही. घरात तान्हे बाळ असेल आणि वरचे दूध पाण्यात कालवून दिले जात असेल तर नायट्रेटचा आकडा सर्वांत आधी पाहावा.

जंतूंच्या तपासणीसाठी बाटली प्रयोगशाळेकडूनच घ्यावी. ती निर्जंतुक असते आणि तिच्यात क्लोरीनचा परिणाम थांबवणारे द्रव्य घातलेले असते, म्हणून ती धुऊ नये. नळाची जाळी काढून, तोंड ज्योतीने किंवा स्पिरिटने निर्जंतुक करून, पाणी थोडे वाहू देऊन नमुना घ्यावा, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावू नये आणि बाटली बर्फाच्या डब्यात ठेवून शक्यतो सहा तासांच्या आत पोहोचवावी.

पायरी ६ : दोषानुसार उपाय

जंतूंचा संशय असेल तर खळखळून उकळणे हा आजही सर्वांत भरवशाचा उपाय आहे. पाण्याला जोरदार उकळी फुटून एक मिनिट राहिली की पुरे. उकळण्याने नायट्रेट, फ्लोराइड किंवा मीठ जात नाही, उलट पाणी आटल्याने त्यांचे प्रमाण किंचित वाढते. जडपणा मात्र काही अंशी कमी होतो, कारण बायकार्बोनेटच्या रूपातले कॅल्शियम भांड्याच्या तळाशी चुन्यासारखे बसते. काळ्या कातळातल्या पाण्याचा जडपणा बराचसा याच प्रकारचा असतो. उकळलेले पाणी निवू देऊन वरचे अलगद ओतून घेतले की चहाही सुधारतो. अडचणीच्या वेळी ब्लीचिंग पावडरीचे प्रमाण दर १,००० लिटरला साधारण अडीच ग्रॅम धरावे आणि पाणी किमान तासभर थांबून वापरावे. घरगुती प्रमाणासाठी आरोग्य विभागाकडून किंवा औषधाच्या दुकानात मिळणारे क्लोरीनचे द्रावण बाटलीवरच्या सूचनेनुसार वापरणे अधिक सोपे.

पाणी महापालिकेचे, टीडीएस कमी आणि तक्रार फक्त क्लोरीनची किंवा मातकट वासाची असेल तर कार्बनची गाळणी आणि तिच्या जोडीला अतिनील दिवा किंवा यूएफ (अतिसूक्ष्म छिद्रांचा) पडदा एवढे पुरे आहे. कार्बन क्लोरीन शोषून घेतो, म्हणजे त्याच्या पुढच्या पाण्याला संरक्षण उरत नाही. त्यामुळे कार्बननंतर जंतुनाशक टप्पा हवाच आणि गाळणी वेळेवर बदलायला हवी, नाहीतर तीच जंतूंचे घर होते. अतिनील दिवा गढूळ पाण्यात निकामी ठरतो, हेही लक्षात ठेवावे.

आरओ घेण्याचे खरे कारण क्षार, फ्लोराइड किंवा नायट्रेट मर्यादेबाहेर असणे, हे आहे. पुण्याच्या धरणाच्या पाण्याला आरओ लावणे म्हणजे आधीच हलके असलेले पाणी सपक करणे आणि त्यासाठी प्रत्येक लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी मोरीत सोडणे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये ५०० पेक्षा कमी टीडीएस असलेल्या ठिकाणी आरओच्या वापराला बंदी घालण्याबाबत निर्देश दिले होते, त्यामागचे कारण हेच होते. तरीही यंत्र घेतलेच असेल तर बाहेर पडणारे पाणी फरशी, शौचालय आणि गाडी यांना वापरावे. ते फार खारट असल्यास कुंड्यांना घालू नये. काही यंत्रांत चव सुधारण्यासाठी क्षार नियंत्रक नावाचा छोटा व्हॉल्व्ह असतो. तो पडद्याला वळसा घालून न गाळलेले पाणी थोडे मिसळतो, म्हणून फ्लोराइड किंवा नायट्रेटसाठी आरओ घेतला असेल तर तंत्रज्ञाला तो पूर्ण बंद करायला सांगावे.

फक्त जडपणाचा त्रास असेल तर सोसायटीच्या पातळीवर सॉफ्टनर बसवता येतो. त्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम येते, त्यामुळे ते पाणी अंघोळीला आणि कपड्यांना उत्तम, पण मीठ कमी खायला सांगितलेल्या माणसाने पिण्यासाठी न घेणे बरे.

पायरी ७ : साठवण आणि पावसाळा

शुद्ध केलेले पाणी अस्वच्छ भांड्यात ओतले तर सारे श्रम वाया जातात. माठ आठवड्यातून एकदा आतून फक्त पाण्याने आणि काथ्याने घासावा, साबण लावू नये, कारण मातीत साबणाचा वास मुरतो. पाणी काढायला लांब दांड्याचे ओगराळे ठेवावे किंवा तोटीचा माठ घ्यावा. हाताची बोटे पाण्यात बुडणे हेच घरातल्या दूषितीकरणाचे मुख्य कारण असते. वाळ्याची जुडी टाकायची असल्यास ती दर दोन-तीन दिवसांनी काढून वाळवावी.

जूनच्या पहिल्या जोरदार पावसानंतर धरणात गढूळ पाणी येते आणि शुद्धीकरण केंद्रावर ताण पडतो. त्या आठवड्यांत नळाला येणारे पाणी गढूळ असेल तर तुरटीचा खडा दोन-चार वेळा फिरवून पाणी काही तास स्थिर ठेवावे, वरचे पाणी सुती कापडाच्या चौघडीतून गाळावे आणि मग उकळावे. तुरटी गाळ खाली बसवते, जंतू मारत नाही, त्यामुळे उकळण्याचा शेवटचा टप्पा वगळू नये.

महापालिकेकडे तक्रार करताना ‘पाणी खराब येते’ एवढेच लिहिण्याऐवजी तारीख, पाणी येण्याची वेळ, मीटरजवळच्या नमुन्याचे वर्णन, शेजारच्या किती इमारतींना हाच त्रास आहे आणि जवळपास रस्ता खोदला आहे का, हे लिहावे. टाकीपूर्वीच्या बाटलीचे छायाचित्र जोडावे. क्षेत्रीय कार्यालयातला कनिष्ठ अभियंता सर्वप्रथम दोष तुमच्या टाकीचा असल्याचे सांगतो, आणि पुष्कळदा ते खरेही असते. मीटरजवळचा नमुना हाती असेल तर ती चर्चा पाच मिनिटांत संपते आणि वाहिनीची गळती शोधायला माणसे त्याच दिवशी पाठवता येतात.